गाडी कोण चालवतं

जुनी इंदूर
ता. १२ ऑगस्ट १९५१

चि. अच्युत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, अशी माझी निम्मी खात्री आहे. म्हणून आधीच सांगते, हे ताईचं पत्र नाही. एका मोटारवाल्या बाईनं मुंबईच्या विमा कंपनीतल्या बाबूला लिहिलेलं पत्र आहे. ऑफिसच्या वेळात वाचलंस तरी साहेब रागावणार नाही.

तर बाबूजी, काम असं आहे. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, आणि आता मोटारीचा विमा इथंही सक्तीचा झाला. तुझे दाजी म्हणतात, महाराजांच्या राज्यात कुणी मोटारीचा विमा काढत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं. पण चौकातला हवालदार आधी यांना सॅल्यूट ठोकतो आणि मग हळूच विचारतो, "कप्तानसाहेब, वो बीमे का कागज?" दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो सॅल्यूट विसरेल याची मला धास्ती आहे, कारण पलटण मोडल्यापासून यांना सॅल्यूट करणारा तो एकच उरलाय.

मल्हारगंजात लक्ष्मीकांतजी म्हणून एजंट आहेत, धान्याच्या दुकानावर माडीत बसतात. मी गेले तर म्हणाले, "भाभीजी, आप तो बस साइन करवा दो, बाकी हम भर लेंगे." मला ते बिल्कुल पटलं नाही. कोरा फॉर्म उचलून घरी घेऊन आले. आता तो आठ दिवस माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. थर्ड पार्टी म्हणजे काय, कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे काय, हे मला मराठीत सांगणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. तो सात वर्षं माझ्याशी बोलत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची ऑस्टिन तू पाहिलेली नाहीस. कैरीच्या रंगाची आहे. एका सरदारांनी गॅरेज रिकामं केलं तेव्हा यांनी घेतली. रोज संध्याकाळी आम्ही निघतो. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून मल्हारगंज, तिथून पोलोग्राउंड, आणि परत. त्या वेळी राजघराण्याच्या समाधीच्या छत्र्यांच्या मागं आभाळ असं काही होतं की नदीसुद्धा स्वच्छ वाटते. आम्ही पुढं जातो आणि गल्ली आपोआप उघडत जाते, टांगे, हातगाड्या, गाई, सगळे बाजूला. मी डावीकडं बसून सारखी बडबड करते. यांना ती लागते. मी गप्प झाले की हे लगेच गाडी हळू करतात.

फॉर्मवर 'चालवणाऱ्याचं नाव' म्हणून एकच ओळ आहे. आणि नजरेविषयी एक प्रश्न आहे. यांच्या चष्म्याचा नंबर जरा वाढलाय, तेवढं लिहावं लागतं का?

उत्तर दे किंवा देऊ नकोस. पण नीट जेवत जा.

यशोधरा

•

ता. २६ ऑगस्ट

अच्युत,

तुझं पाकीट आलं. मी हात पुसून, देवासमोर बसून फोडलं. आत पत्र नाही! नुसतं छापील पत्रक आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. लहानपणी माझ्या पाटीवर रेघोट्या मारायचास तशाच वाकड्या. खैर, रेघोट्या तर रेघोट्या. मी त्या पत्रकाचं पारायण केलं.

समजलं ते असं. पहिला मालक, दुसरी कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कुणीही, ज्याला आपल्या गाडीनं इजा होईल तो. कायदा फक्त त्या तिसऱ्याची काळजी घ्यायला सांगतो. आपली गाडी जळो, चोरीला जावो, खांबावर आपटो, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्यासाठी हवा असेल तर तो मोठा विमा काढायचा. म्हणजे गाडीवर जीव असेल तर मोठा, आणि नसेल तरी तिसऱ्याचा काढावाच लागतो. बरोबर का, बाबूजी?

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मोठा काढू, गाडी घोड्यासारखी असते, तिला ओरखडा उठलेला मला खपायचा नाही. मग हसून म्हणाले, "तिसरा कोण? इंदुरात मला परका कोण आहे?" खरंच आहे ते. हे चालले की अजून लोक नावानं हाक मारतात. जिथं सगळेच आपले, तिथं तिसरा कुठून आणायचा, असं मलाही क्षणभर वाटलं.

पण तुझी सगळ्यात जाड लाल रेघ नजरेच्या प्रश्नाखाली आहे. आणि समासात एवढंच, की इथं खोटं लिहिलं तर कंपनी हात वर करू शकते, आणि मग त्या तिसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

लक्ष्मीकांतजींच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगते. माझी नाही हं. समज, एका गाडीत दोघं बसतात. चाकावर हात एकाचे, आणि डोळे दुसऱ्याचे. दुसरा सांगत राहतो, डावीकडून सायकल आली, पुढं बैल बसलाय, आता वळण. आणि पहिला इतका सुरेख चालवतो की कुणाला कळूही नये. तर त्या एका ओळीत कुणाचं नाव लिहायचं? लक्ष्मीकांतजी अडलेत, म्हणून विचारते.

यशोधरा

•

ता. ९ सप्टेंबर

अच्युत,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांनी एक ओळ. "ताई, गाडी कोण चालवतं?"

'ताई' हा शब्द मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस. पुढचे तीन शब्द मात्र एकदाच वाचले आणि कार्ड पोथीत घातलं.

सांगते. यांना काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही. समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. बाजूचं काही नाही. ताटातली कोशिंबीर दिसत नाही, मी शेजारी उभी राहिले तर दिसत नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, कुणाला बोलू नकोस. घोडा गेला, वर्दी गेली, आता चाकही काढून घेतील. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही फिरायला गेलो आणि मी बडबडायला लागले.

तुला राग येईल. पण अच्युत, त्या संध्याकाळी फार सुंदर असतात रे. मी म्हणते, आता निंब आला, आणि हे म्हणतात, त्याच्यावर पोपट असतील बघ, आणि असतात. मी सांगते तेच गाव यांना दिसतं, म्हणून मी चांगलं चांगलं तेवढंच सांगते. पडलेली भिंत सांगत नाही. पोलोग्राउंडला आता कारखान्यांच्या शेड झाल्यात, पण मी गवत सांगते. एखाद्या गोड झोपेत दोघांनी मिळून एकच स्वप्न बघावं तसं चाललं होतं.

फॉर्म मी भरला होता. नजरेत दोष? 'नाही.' चांगल्या शाईनं, शाळेत फळ्यावर लिहिते तसं ठसठशीत. परवा तो द्यायला निघालो होतो, पण देणं झालं नाही. मल्हारगंजात एका हातगाडीला जरा धक्का लागला, मडगार्डला पोचा आला. काळजीचं काही नाही. यांनी तो पोचा हातानं चाचपला आणि म्हणाले, बघ, म्हणूनच मोठा विमा पाहिजे.

तिथंच वाण्याच्या दुकानात तुझ्या आवडीचे भोपळ्याचे घारगे दिसले. तिकडं मिळतात का?

यशोधरा

•

ता. १३ सप्टेंबर

अच्युत,

हातगाडी नव्हती.

चार दिवस मी शाळेत मुलींना चुकीचे पाढे शिकवतेय. आज लिहिलं नाही तर पुढं कधीच लिहायची नाही.

संताजी म्हणून यांच्या पलटणीतला स्वार होता. आता मल्हारगंजात टांगा चालवतो. लक्ष्मीकांतजींच्या जिन्याजवळ त्याचा टांगा उभा होता आणि तो खाली उतरून घोड्याची लगाम धरून होता. मला तो दिसायला हवा होता. पण फॉर्म माझ्या मांडीवर होता, आणि मी खाली मान घालून बघत होते की 'नाही' वरची शाई वाळली की नाही. एवढाच वेळ मी गप्प होते. चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं.

संताजी जमिनीवर बसलेला होता. चेहरा पांढरा पडलेला. यांनी विचारलं, काय झालं? आणि तो बसल्या जागेवरून परेडवर बोलावं तसा खणखणीत बोलला, "काही नाही सरकार. हातगाडीचा दांडा लागला. जाऊ द्या." मग माझ्याकडं बघून त्यानं नुसती मान हलवली, गप्प राहा म्हणून. आणि मी राहिले. आम्ही गाडी काढून घरी आलो, अच्युत. त्याचं पाऊल चिरडलेलं होतं आणि मी शेजारी बसून पुढचं वळण सांगत होते.

काल त्याच्या घरी गेले. पायाला फळ्या बांधून खाटेवर पडलाय. टांगा दारात उलाळ, दांड्या आभाळाकडं, घोडा खुंट्याला. त्याची बायको आनंदीबाई चहा ठेवायला निघाली तेव्हा मी रडायला लागले. तिला सगळं सांगितलं, मीच सांगते रस्ता, मीच चुकले. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाईसाहेब, जिवाला लावून घेऊ नका. साहेबांना दिसत नाही हे आख्ख्या मल्हारगंजाला ठाऊक आहे. भोंगा ऐकला की आम्ही पोरं घरात घेतो. हे घोडा बाजूला करत होते, त्यात पाय राहिला."

मी चहा न घेताच उठले. परत येताना प्रत्येक दुकानाच्या पायरीकडं बघत आले. तो पानवाला, तो कासार, तो हवालदार, सगळे माझ्याकडं मायेनं बघत होते. दीड वर्ष मी समजत होते की यांचे डोळे मी आहे. गल्ली आपोआप उघडते म्हणून तुला किती कौतुकानं लिहिलं होतं मी. ती आपोआप उघडत नव्हती. लोक लेकरं उचलून भिंतीला चिकटत होते, आणि मी आत बसून पोपट दाखवत होते.

तो तिसरा माणूस कोण, हे मला आता कळलं. पत्रक पाठवणाऱ्याला ते आधीपासून कळलेलं असणार.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर यांचं जे काही उरलंय ते जाईल. नाही सांगितलं तर, फिरणं टाळायची माझी निमित्तं संपलीत आणि उद्या संध्याकाळी पाच वाजता हे किल्ली मागतील.

ताई

•

खंडेनवमी

प्रिय अच्युत,

तुझं पत्र मिळालं. पत्रच, चांगलं दोन पानांचं. तू लिहिलंस, "मी सांगू का दाजींना?" नको. ते काम माझं होतं आणि ते तुझं पत्र यायच्या आधीच झालं होतं.

मी तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता यांनी किल्ली मागितली. मी किल्ली मुठीत धरून सगळं सांगितलं. शाईचंसुद्धा. आनंदीबाई बोलली तेही, एकही शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं ओरडतील. हे बराच वेळ मडगार्डच्या पोच्यावरून हात फिरवत बसले. मग कोट घातला, काठी घेतली आणि म्हणाले, "चल. पायी."

जुन्या इंदुरापासून मल्हारगंजापर्यंत आम्ही चालत गेलो. भोंगा नव्हता, म्हणून कुणी बाजूला झालं नाही. यांना चार ठिकाणी धक्के बसले. एका हमालानं "देख के चलो भिया" म्हटलं, आणि हे त्याला म्हणाले, "माफ करना." त्या रस्त्यावर मी यांना कधी माफी मागताना ऐकलं नव्हतं.

संताजी खाटेवरून उठायला लागला. हे म्हणाले, "बसून राहा. हुकूम समज." मग त्याच्या पायाशी बसून फळ्या चाचपल्या, बोटं एकेक करून दाबली, कुठं दुखतं ते विचारलं. संताजी एवढंच म्हणाला, सरकार, आपण भोंगा वाजवत होता, आमचंच चुकलं. यांनी त्याला गप्प केलं आणि विचारलं, घोडा कुठं आहे?

अच्युत, तू ते बघायला हवं होतंस. घोड्याजवळ गेल्यावर यांना डोळ्यांची गरजच पडली नाही. मानेपासून खुरापर्यंत नुसता हात फिरवला आणि सांगितलं, मागचा डावा नाल ढिला आहे, आठवडाभर अंग चोळलेलं नाही. खरारा मागवला आणि अंधार पडेपर्यंत घोडा चोळत राहिले. तेव्हापासून रोज पहाटे हे तिथं जातात, मी पोचवून येते. आनंदीबाईच्या घरी डबा आमच्याकडून जातो. ती नको म्हणते, मी ऐकत नाही.

पोचवून येते म्हणजे आधी पायी, आता गाडीनं. हो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यांनी मला पोलोग्राउंडवर हौसेनं चालवायला शिकवलं होतं, ते पुन्हा काढलं. आता हे शेजारी बसून कानानं शिकवतात. "तुझा क्लच रडतोय." "तिसरा टाक, इंजिन मागतंय." पहिल्या दिवशी मी गाडी एका कारखान्याच्या वाळूत घातली आणि सगळे मजूर बघायला गोळा झाले. यांनी विचारलं, इथं गवत होतं ना? मी म्हटलं, नाही हो. वर्ष झालं गवत जाऊन. यांनी खाली उतरून वाळू चाचपली. मग म्हणाले, आता जे असेल तेच सांगत जा.

गेल्या सोमवारी मला लायसन मिळालं. इन्स्पेक्टरनं गाडी मागं घ्यायला लावली. बाहेर हे हनुवटी वर करून गिअरचा आवाज ऐकत उभे होते.

आज खंडेनवमी. पाटावर सासऱ्यांची तलवार, यांचा जिरेटोपासारखा जपलेला फेटा आणि गाडीची किल्ली मांडली. आमच्याकडं पूजा झाली की घरातला पुरुष शस्त्र उचलतो, मग बाहेर येऊन वाहनापुढं नारळ फोडतो आणि पहिली फेरी मारतो. यांनी तलवार उचलली. नारळ फोडला, पहिल्या दणक्यात. मग पाटावरची किल्ली चाचपून घेतली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. सासूबाई असत्या तर बाईच्या हाती खंडेनवमीची किल्ली बघून देवघरात जाऊन बसल्या असत्या.

"फॉर्म आण," हे म्हणाले. जुना मी फाडला होता, लक्ष्मीकांतजींकडून दुसरा आणलेला. चालवणाऱ्याच्या ओळीत मी विचारलं, काय लिहू? हे म्हणाले, तुझं नाव. मी लिहिलं. नजरेत दोष? माझी नजर स्वच्छ आहे, तसं लिहिलं. जागेपणी स्वप्नं पडतात, त्यासाठी कंपनीनं रकाना ठेवलेला नाही. ठेवला असता तर तेही लिहिलं असतं. मग मोठा का साधा, हे विचारलं. सध्या मोठ्याचे पैसे ओढाताणीनंच निघतील, आणि यांचा गाडीवर किती जीव आहे ते मला ठाऊक, म्हणून पेन उचलून थांबले.

"गाडीला पोचे पडले तर मी हातानं चाचपीन," हे म्हणाले. "आधी त्या तिसऱ्याचा काढ."

नंतर हे गाडीला वळसा घालून गेले. दाराचं हँडल शोधायला थोडा वेळ लागला. मी मदत केली नाही. डावीकडं बसले आणि म्हणाले, हं, सांग.

ताई

•

ता. २१ ऑक्टोबर

अच्युता,

पॉलिसी आली. कपाटात ठेवली नाही, गाडीतच ठेवलीय. काल हवालदारानं बघायला मागितली, उलटी धरून पूर्ण वाचली आणि मला सॅल्यूट केला. यांना सांगितलं तर इतके हसले की खोकला लागला.

संताजी कुबडी घेऊन दारापर्यंत येतो आता. पाऊल थोडं वाकडंच राहणार, असं हाडवैद्य म्हणाला. त्याच्या त्या पावलाला आमचा कुठलाच कागद लागू होत नाही, ते कागदाच्या आधीचं आहे. तेवढं ओझं आम्ही दोघं उचलू. गल्लीतली पोरं माझा भोंगा ऐकून पळत नाहीत. उलट गाडीच्या पायरीवर चढायला येतात, आणि मला थांबावं लागतं. पोचायला दुप्पट वेळ लागतो.

आता जे मला सात वर्षं लिहायचं होतं ते. त्या दिवाळीच्या पाडव्याला तू नवी एजंटगिरी घेऊन, नवा कोट घालून आला होतास. यांच्यापुढं कागद ठेवून म्हणालास, दाजी, लढाईचे दिवस आहेत, ताईच्या नावानं काहीतरी करून ठेवा. आणि यांनी ते कागद अंगणात फेकले, "सणाच्या दिवशी माझ्या मरणाचा भाव करतोस" म्हणून. तू माझ्याकडं बघितलंस. मी हातात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते आणि काही बोलले नाही. तू उपाशी गेलास. दुसऱ्या दिवशीची भाऊबीज गेली, आणि पुढच्या सहाही. चूक यांची होती तेवढीच माझी. मी गप्प बसते, अच्युता, आणि मी गप्प बसले की कुणाचं तरी पाऊल चाकाखाली जातं. मला माफ कर.

आत्ता हे बाजूला बसून विचारतायत, त्यालाच लिहितेस ना? मी हो म्हटलं. म्हणाले, "त्याला म्हणावं पाडव्यालाच ये. आणि ते कागद आण. या वेळी मी ऐकून घेईन."

तेव्हा ये. स्टेशनवर कैरीच्या रंगाची गाडी उभी असेल. चाकावर मी असेन. डावीकडची जागा भरलेली आहे, तू मागं बस. तुझ्या दाजींना रस्ता सांगायचं काम या वेळी तुझं. खोटं एक अक्षर सांगायचं नाही, मी ऐकत असेन.

तुझी
ताई